गजभियांचे अंगण : प्रजाती एक, संख्या एक

मौजा हिवरटोली येथील गजभिये कुटुंबाचे राहते घर, विहीर, गोठा आणि भोवतालची सगळी झाडी संवर्धन विभागाने ‘निसर्ग संवर्धन क्षेत्र’ म्हणून घोषित केली, त्या वेळी इंदुताई गजभिये त्याच निसर्गाच्या ओसरीवर बसून ज्वारी पाखडत होत्या. घोषणा त्यांच्याच अर्जावरून झाली होती. त्यामुळे दोष द्यायला दुसरे कोणी सापडेना, ही पहिली अडचण.

कोराडी मागे टाकून सावनेरच्या रस्त्याला लागले, की कोळशाचे ट्रक जिथे डावीकडे वळतात तिथे माणसाने उजवीकडे वळायचे. आत हिवरटोली. इंदुताईंचे वडील नागपूरला गिरणीत कामाला होते. त्यांनी ही मुरमाड जमीन घेतली तेव्हा सारी वस्ती हसली होती, की गजभिये आता दगड पेरून राहिला. त्या वेळी कोराडीला वीजकेंद्र नव्हते, आभाळातून राख पडत नसे, आणि सकाळी वाळत घातलेले पापड संध्याकाळी त्याच रंगाचे निघत. वडिलांनी विहीर खोदली. आईने कवठ, चिंच, सीताफळ आणि एक आंबा लावला. दुसरा आंबा कोणीतरी कोय फेकली म्हणून आपला आपण उगवला, आणि तोच जास्त गोड निघाला.

विहिरीला पाणी लागले आणि छप्पनचा दसरा आला. सौंसर-पांढुर्ण्याकडची माणसे धम्मदीक्षेसाठी पायी नागपूरला निघाली होती. पांढरे कपडे, डोक्यावर गाठोडी, पायात बहुतेकांच्या काही नाही. वडिलांनी विहिरीवर उभे राहून सगळ्यांना पाणी दिले, आईने भाकरी थापल्या. त्यानंतर दर दसऱ्याला त्या बाजूची माणसे गजभियांच्या अंगणात थांबू लागली. पायी येणारे पुढे बैलगाडीने, मग ट्रकने, मग टेम्पोने येऊ लागले, पण थांबायचे इथेच. भाकर, पिठलं, भाजलेल्या वांग्यांचे भरीत, ठेचा, रात्रभर गाणी, सकाळी ‘जय भीम’ करून निघणे. इंदुताईंनी जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली, लग्न केले नाही. आईवडील गेले, भाऊ गेला, पण दसऱ्याचे अंगण चुकले नाही. त्यांना या घराकडून एकच गोष्ट पाहिजे होती. आपण आहोत तोवर दसऱ्याला हे दार उघडे असावे.

आता शहर चालत चालत दारापर्यंत आले होते. भावाचा मुलगा, भाचा प्रशिक, नागपुरात मनीषनगरला फ्लॅटमध्ये राहत असे, आणि त्याच्याकडे एक बिल्डर नकाशा घेऊन बसत असे. नकाशात विहिरीच्या जागी पोहण्याचा तलाव होता आणि वसाहतीचे नाव होते ‘आमराई’, म्हणजे दोन्ही आंबे तोडल्यावर निदान नावात तरी राहावेत. इंदुताई घाबरल्या, आणि घाबरलेली मास्तरीण जे करते तेच त्यांनी केले. सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला.

विभागाचे क्षेत्र अधिकारी गोपाळराव निनावे स्वतः पाहणीला आले. माणूस सज्जन. प्रत्येक वाक्य संपले की फाइल बंद केल्यासारखे ओठ मिटायचे. सोबत पक्षी मोजायला सोनिका मॅडम होत्या, गळ्यात दुर्बीण आणि पायात गुडघ्यापर्यंत बूट. त्यांनी मोजायला सुरुवात केली आणि थोड्याच वेळात हात टेकले. चिमण्या, साळुंक्या, पोपट, भारद्वाज, खारी, मुंगसांचे एक कुटुंब, माळ्यावर पिंगळा, विहिरीत कासव. असे समृद्ध क्षेत्र जिल्ह्यात दुसरे नाही, असा शेरा त्यांनी कवठाची चटणी खात खात मारला. इंदुताईंनी दसऱ्याचे विचारून घेतले. गोपाळराव म्हणाले, “ताई, काहीच बदलणार नाही. फक्त कागदावर निसर्ग होईल.”

कागदावर निसर्ग झाला आणि कागद कामाला लागला.

संवर्धन क्षेत्राच्या व्याख्येत ‘मानवी वावरापासून मुक्त’ असे शब्द होते. मानवी वावर आहे काय हे तपासण्यासाठी दुसरी पाहणी झाली. तो एकाच ठिकाणी आढळला, ओसरीवर. गोपाळरावांना फार वाईट वाटले. त्यांनी इंदुताईंना समजावून सांगितले, की घर हटवणार नाही, कारण ते झाडांच्या मधोमध असल्याने निसर्गातच मोडते. माळ्यावरच्या पिंगळ्यालाही हलवणार नाही, कारण त्याचा तिथे पिढीजात अधिवास आहे. प्रश्न फक्त त्यांचा होता.

“माझाबी पिढीजातच आहे,” इंदुताई म्हणाल्या.

“तुमचा मालकीचा होता, ताई. घोषणेनं मालकी गेली, की तोही गेला. पिंगळ्याकडे सातबारा कधी नव्हताच, त्यामुळे त्याचं काहीच जात नाही.”

मुलांना तर्क शिकवण्यात इंदुताईंची हयात गेली होती, आणि या तर्कात खोट नव्हती. त्यांनी ट्रंक भरली. प्रशिकने गाडी पाठवली. फाटकावर हिरवी पाटी लागली, ‘मनुष्यप्राण्यास प्रवेश नाही’, आणि राखणीला रोशन नावाचा गावातलाच तरुण नेमला गेला. तो तिसरीत इंदुताईंच्या हाताखाली होता, म्हणून फाटक लावताना त्याने तोंड दुसरीकडे केले.

मनीषनगरचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर होता. प्रशिकची बायको प्रीती स्वभावाने बरी. तिने आत्याबाईंना बाल्कनीलगतची खोली दिली आणि सांगितले, की घर आपलंच समजा, फक्त मिक्सर दुपारी लावू नका. इंदुताईंनी घर आपले समजण्याचा प्रयत्न केला. म्हणजे सकाळी उठून बाल्कनीत ज्वारी पाखडली, फुटक्या कुंडीत पाणी भरून ठेवले, शिळ्या पोळीचा कुस्करा कठड्यावर टाकला. एवढेच त्या हिवरटोलीला जन्मभर करत होत्या. वेगळे असे काही त्यांना येतच नव्हते.

इकडे संवर्धन क्षेत्रात वर्षाअखेरची गणना झाली. सोनिका मॅडम दिवसभर दुर्बीण लावून बसल्या. दाणा टाकणारे कोणी नव्हते, विहिरीतून पाणी ओढून हौद भरणारे कोणी नव्हते, सांडलेल्या पाण्यावर उगवणारे गवत नव्हते, गवतातले किडे नव्हते. गणनेत एक पिंगळा आढळला, आणि तोही जाण्याच्या तयारीत असल्यासारखा. कासवाचा ठाव लागला नाही. त्याच आठवड्यात मनीषनगरच्या त्या सोसायटीतून महानगरपालिकेच्या तक्रारखिडकीवर निवेदन गेले, की चौथ्या मजल्यावर चिमण्यांची बेसुमार वाढ झाली असून पोपट वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतात व दोन वानरे लिफ्टजवळ दिसली आहेत.

विभागाने दोन्ही कागद एकमेकांना जोडले. त्याच चिमण्या की दुसऱ्या, हे ठरवण्याचे साधन विभागाकडे नव्हते. पण तिथल्या कमी झाल्या आणि इथल्या वाढल्या, एवढे गणित वरच्या कार्यालयाला पुरेसे होते. निष्कर्ष निघाला. वन्यजीवांनी हिवरटोलीहून मनीषनगरला स्थलांतर केले आहे. आणि स्थलांतर आहे म्हटल्यावर मार्ग आलाच. कोराडी, मानकापूर, सदर, बर्डी, मनीषनगर असा वन्यजीव भ्रमणमार्ग नकाशावर हिरव्या पेन्सिलीने आखण्यात आला. शेवटचे टोक म्हणून बाल्कनी. बाल्कनीच्या भोवतालच्या पट्ट्यात हॉर्न बंद, फटाके बंद, रात्रीचे दिवे बंद, आणि शिट्टीचा कुकर बंद.

सोसायटीने हॉर्न आणि फटाके सहन केले असते. कुकरवर मात्र रात्रीतून एकजूट झाली. सचिव बाबाराव, जे आजवर कोणत्याच सभेत कोणाशीच सहमत झाले नव्हते, ते घरोघरी फिरले आणि सकाळी प्रशिकच्या दारात उभे राहिले.

“आत्याबाईले परत पाठव गा,” ते म्हणाले. “आमच्याकडं तुरीचं वरण कुकरशिवाय शिजत नाही.”

“मी कसा पाठवू? तिथं माणसाले जायची बंदी आहे.”

“मंग माणूस नको म्हणू.”

बाबाराव हे रागात बोलून गेले होते. पण त्याच वेळी बाल्कनीची मोजमापे घ्यायला आलेल्या गोपाळरावांनी ते ऐकले आणि ते जागच्या जागी थबकले. इतके सोपे उत्तर त्यांना स्वतःला सुचले नव्हते. सोनिका मॅडमनी पुस्तके काढली. शास्त्रीयदृष्ट्या, त्या म्हणाल्या, असे असते. एखाद्या परिसरात एक प्रजाती अशी असते जिच्या असण्यावर बाकी सगळ्या टिकतात. ती काढली की सगळे कोसळते. हिला आधारप्रजाती म्हणतात. हिवरटोलीची आधारप्रजाती कोण, हे गणनेने सिद्धच झाले आहे. ती सध्या बाल्कनीत कोथिंबीर निवडते आहे.

इंदुताईंना हे सगळे बाल्कनीच्या दारात उभे राहून ऐकवण्यात आले. त्यांनी कोथिंबीर खाली ठेवली आणि खूप वेळ हसल्या. माणूस म्हणून घर गेले होते, प्राणी म्हणून मिळत होते. मिळत असेल तर मिळो. त्यांनी एकच अट घातली. दसऱ्याला लोक येतील. गोपाळराव म्हणाले, “येतील ना. का नाही येणार?” आणि ओठ मिटले.

त्यानंतर वर्गीकरण झाले. नाव, इंदु-१. लिंग, मादी. आयुर्मान, अज्ञात. आहार, सर्वभक्षी. वर्तन, समूहप्रिय, सध्या एकटी. संख्या, एक. संख्या एक असल्यामुळे ‘अतिसंकटग्रस्त’ हा दर्जा आपोआप लागू झाला. इंदुताईंच्या सेवापुस्तकात उभ्या हयातीत इतके चांगले शेरे कधी आले नव्हते.

निसर्गमुक्तीचा कार्यक्रम साधा ठेवण्यात आला होता. विभागाची जाळीची गाडी फाटकाशी आली. मंडप, खुर्च्या, फुलांचे हार, तीन वार्ताहर. गाडीचे मागचे दार उघडून सगळे दूर झाले आणि श्वास रोखून उभे राहिले. प्राण्याने स्वतःहून बाहेर यावे, त्याला ढकलू नये, असा संकेत आहे. इंदुताईंचा गुडघा दुखत होता आणि गाडी उंच होती. त्यांनी रोशनला हात मागितला. रोशनने गोपाळरावांकडे पाहिले. गोपाळरावांनी नकारार्थी मान हलवली. शेवटी त्या बसल्या बसल्या पुढे सरकत, ट्रंकेवर पाय देऊन, स्वतःच उतरल्या. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात छायाचित्राखाली ओळ होती, ‘अधिवासात पाऊल टाकताना क्षणभर बावरलेली मादी’.

घरात पाऊल टाकल्यावर त्यांनी पहिल्यांदा विहिरीतून पाणी ओढले, हौद भरला, ज्वारी पाखडली. संध्याकाळपर्यंत कोण कुठून येऊन बसले ते कळले नाही, पण चिंचेवर बोलणे ऐकू येईनासे झाले इतका कलकलाट. सोनिका मॅडमच्या डोळ्यांत पाणी आले. इंदुताईंच्या आले नाही, कारण त्या चूल पेटवायच्या खटपटीत होत्या. गॅसचे कनेक्शन बंद झाले होते. वन्य प्राण्याच्या नावे कनेक्शन देता येत नाही. पेन्शनही थांबली होती. हयातीचा दाखला विभागाने दिला होता खरा, पण त्यावर ‘प्राणी निरोगी असून चपळ आहे’ असे लिहिल्याने बँकेने तो स्वीकारला नाही.

विभागाने उपाशी मात्र ठेवले नाही. पूरक आहाराची निविदा निघाली. सर्वभक्षी वर्गात आजवर एकच प्राणी नोंदलेला होता, अस्वल. त्यामुळे महिन्याच्या महिन्याला मध, मोहाची फुले, बोरे आणि एक डबा वाळवी येऊ लागली. इंदुताई वाळवी परत पाठवत. विभागाच्या दप्तरी ‘भूक मंदावली’ अशी नोंद होई आणि पुढच्या महिन्यात वाळवी दुप्पट येई. शेवटी त्यांनी ती भारद्वाजाला घातली. भूक सुधारल्याची नोंद झाली.

मग तिकीट सुरू झाले.

रविवारी सकाळी नागपुराहून गाड्या येत. भडक कपडे नको, अत्तर नको, मोबाइल गप्प. फाटकाच्या आत दोरी बांधली होती, तिच्यापुढे जायचे नाही. रोशनला आता वाटाड्याचा गणवेश मिळाला होता, आणि त्याला हळू आवाजात बोलण्याचे प्रशिक्षणही दिले होते. “समोर ओसरीकडे बघा,” तो कुजबुजे. “डावीकडच्या खांबाजवळ. हलू नका.” लोक हलत नसत. खांबाजवळ इंदुताई लसूण सोलत बसलेल्या असत. त्यांना दारात उभ्या माणसाला आत बोलावल्याशिवाय राहवत नसे. त्या मान वर करून म्हणत, “या ना, बसा. चहा टाकू?”

“ही तिची हाक,” रोशन कुजबुजे. “उत्तर देऊ नका. सवय लागते.”

एका रविवारी दुर्बिणीच्या रांगेत प्रशिक आणि प्रीती उभी होती. हिवरटोलीच्या घराकडे प्रशिक गेल्या कित्येक वर्षांत फिरकला नव्हता, कारण रस्ता खराब होता आणि वेळ होत नव्हता. आता त्याने दोन आठवडे आधी तिकिटे काढली होती. प्रीतीने दोरीकडे पाठ करून स्वतःचा आणि मागे ओसरीचा फोटो घेतला. इंदुताईंनी भाच्याला ओळखले आणि त्या उठून दोरीपर्यंत आल्या. सगळा जमाव दोन पावले मागे सरला.

“प्रशिक, जेवून जाय बापा. भरीत केलं आहे.”

प्रशिकने रोशनकडे पाहिले. रोशनने ओठांवर बोट ठेवले. मग प्रशिक आत्याकडे नुसता बघत राहिला, आणि घरी जाऊन त्याने सगळ्यांना सांगितले, की इतक्या जवळून दर्शन फार थोड्यांना होते.

इंदुताईंनी मनाला लावून घेतले नाही. त्यांचे सगळे लक्ष दसऱ्याकडे होते. मध विकून त्यांनी ज्वारी आणवली. अस्वलाचा मध शुद्ध असतो म्हणून गावात त्याला मागणी होती. वांगी रोशनच्या आईने दिली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटेपासून चूल पेटलेली होती, आणि संध्याकाळी सावनेरच्या रस्त्यावर गाण्यांचा आवाज ऐकू आला तेव्हा त्या पदराला हात पुसत फाटकाकडे धावल्या.

पुढे बळीराम सोमकुवर होते, सौंसरचे. सत्तरीचा माणूस. टेम्पो मागे ठेवून शेवटचा टप्पा अजूनही पायी चालणारा. मागे बाया, पोरे, दोन ढोलक्या, निळे झेंडे. फाटकाशी सगळे थांबले, कारण फाटक बंद होते आणि समोर गोपाळराव उभे होते. गोपाळरावांनी सबंध दुपार नियमांत घालवली होती. मनुष्यप्राण्यास प्रवेश फक्त तिकिटाने, दोरीपर्यंत आणि सूर्यास्तापूर्वी. सूर्य मावळला होता. पण ते सज्जन होते, आणि त्यांनी शब्द दिला होता. त्यांच्यासोबत सोनिका मॅडमही होत्या, आणि मॅडमच्या चेहऱ्यावर शोधाचा आनंद मावत नव्हता.

“मार्ग निघालाय,” गोपाळराव म्हणाले. “हे लोक दरवर्षी ठरावीक ऋतूत, उत्तरेकडून, ठरावीक मार्गाने येतात. एक रात्र थांबतात, खातात आणि दक्षिणेकडे जातात. म्हणजे व्याख्येप्रमाणे ही हंगामी स्थलांतरित प्रजाती आहे. स्थलांतरितांना तिकीट लागत नाही. फक्त आत येताना प्रत्येकाच्या मनगटाला हा पट्टा बांधायचा, बगळ्यांच्या पायात बांधतात तसा.”

त्यांनी पट्ट्यांचा गठ्ठा पुढे केला. पट्टे निळेच होते; विभागाने भावना लक्षात घेतल्या होत्या.

फाटकाच्या आतून इंदुताईंनी बळीरामांना खूण केली. “बांधून घे गा, बळीराम. पट्ट्यानं काय होते? मीबी मादीच आहो कागदावर. भाकरी गार होऊन राहिल्या.”

बळीराम हसले नाहीत. त्यांनी डोक्यावरचे गाठोडे खाली ठेवले आणि ते सावकाश बोलले.

“इंदुताई, माझा बाप छप्पनमधी या विहिरीवर आला होता. पाणी प्यायसाठी त्यानं ओंजळ पुढं केली. सवयच होती तशी. तुमच्या बाबानं त्याच्या हातात लोटा देला अन् म्हनले, माणसासारखं पी. माझा बाप हे सांगता सांगता मेला. मले सांगा, आता त्याच दारातून मी बगळा होऊन आत येऊ?”

ढोलक्या थांबल्या होत्या. सोनिका मॅडमनी दुर्बीण गळ्यातून काढून हातात घेतली, आणि तिचे काय करावे हे त्यांना कळेना.

“आमी काही रागावलो नाही, बाई,” बळीराम म्हणाले. “आमी इथंच बसतो. रस्त्याच्या कडेला. रस्ता माणसाचा आहे.”

आणि ते सगळे खरेच बसले. कोळशाच्या ट्रकांनी उडवलेल्या काळ्या धुळीत, फाटकापासून पलीकडे, सतरंज्या टाकून.

इंदुताई आत उभ्या होत्या. मागे घर होते, विहीर होती, दोन्ही आंबे होते, पाखरे चिंचेवर झोपायला आली होती. फाटकाबाहेर पाऊल टाकले की क्षेत्र सोडलेला प्राणी, आणि क्षेत्र सोडलेल्या प्राण्याला आत यायचे तर सगळी प्रक्रिया पहिल्यापासून. हे त्यांना गोपाळरावांनीच मागे समजावून सांगितले होते. त्यांनी घराकडे एकदा पाहिले. मग आत गेल्या, भाकरींची परात डोक्यावर घेतली, भरिताचे पातेले कमरेवर घेतले आणि फाटकाशी आल्या.

“रोशन, फाटक उघड.”

“बाई, मले नोकरी आहे.”

“तिसरीत पाढे कोणी शिकवले तुले?”

रोशनने फाटक उघडले.

अतिसंकटग्रस्त प्राणी क्षेत्राबाहेर पडल्यास त्याला बेशुद्ध करून परत आणावे, असा नियम होता. बेशुद्ध करण्याचे इंजेक्शन रोशनकडे होते, पण ते वापरायला पशुवैद्यकाची परवानगी लागते, आणि पशुवैद्यक दसऱ्याच्या सुटीवर होते. परवानगी येईपर्यंत नजर ठेवावी असे गोपाळरावांनी सांगितले. नजर ठेवण्यासाठी रोशन सतरंजीवर बसला. नजर ठेवता ठेवता त्याने चार भाकरी खाल्ल्या. सोनिका मॅडम निरीक्षणासाठी बसल्या आणि ठेचा मागून घेतला. गोपाळराव बराच वेळ उभे राहिले. मग इंदुताईंनी त्यांच्यापुढेही ताट सारले आणि म्हणाल्या, “बसा साहेब. इथं तुमचा कोणता वर्ग आहे, ते कोणी विचारणार नाही.” त्यांनी बूट काढले आणि ते बसले. ढोलकी पुन्हा वाजू लागली. ट्रकवाल्यांनी वेग कमी केला. दोन ट्रक थांबलेही, आणि एका ट्रकच्या सरदारजी चालकाने आपल्या डब्यातले लोणचे काढून पंगतीत फिरवले.

सकाळी बळीरामांची मंडळी नागपूरला निघून गेली. इंदुताई फाटकाच्या आत गेल्या नाहीत. त्यांनी रस्त्यापलीकडे, रोशनच्या आईच्या शेजारची एक खोली घेतली, पत्र्याची, पुढे हातभर अंगण.

विभागाने नियमानुसार शोध घेतला. हद्दीच्या आत प्राणी आढळला नाही. हद्दीच्या बाहेर शोधण्याची तरतूद नव्हती. ठरलेला काळ उलटल्यावर इंदु-१ ही प्रजाती स्थानिक पातळीवर नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले. वर्तमानपत्रांत हळहळीचे लेख आले. पुनर्वसनासाठी अशाच प्रकारचा नमुना अन्यत्र उपलब्ध असल्यास कळवावे, असे आवाहन विभागाने केले, आणि नागपूर शहरातून घरोघरच्या आत्या, मावश्या व आज्या देऊ करणारे इतके अर्ज आले, की ते घेण्यासाठी जास्तीची खिडकी उघडावी लागली. नमुना आजच घेऊन जावा, अशी बहुतेकांची विनंती होती.

तोवर क्षेत्र बंद ठेवलेले नाही. उलट तिकीट वाढले आहे. रिकामी ओसरी, रिकामा खांब, आणि त्या खांबाजवळ ती लसूण सोलत बसत असे, हे वाटाड्या इतक्या गहिवरून सांगतो, की लोक डोळे पुसत बाहेर येतात. पाखरे मात्र तिथे नाहीत. ती रस्त्यापलीकडे गेली आहेत. कृपया विभागाला सांगू नये.

तुम्हीही मागच्या रविवारी जाऊन आलात म्हणे. फोटो पाहिले आम्ही, चांगले आलेत. परतताना रस्त्याच्या पलीकडून एक म्हातारी हात करत होती, आठवते? तुम्ही काच वर केलीत. बरोबरच आहे. तिचे काही तिकीट नव्हते.